आधी ऐकावे



हिवाळ्यात हवाई बेटांजवळच्या समुद्रात हंपबॅक देवमासे येतात आणि त्यांतले नर पाण्याखाली तासन्‌तास गातात. १९७० साली जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हंपबॅक देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका लोकांसमोर आणली. तेल आणि मांसासाठी मारला जाणारा हा जीव गायक आहे, हे घराघरांत पोहोचले आणि शिकारीविरुद्धच्या चळवळीला बळ मिळाले. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला.

पुढे डेव्हिड रोथेनबर्ग हे अमेरिकी वादक हवाईजवळच्या समुद्रात नावेतून क्लॅरिनेट वाजवू लागले. त्यांचे सूर पाण्यात सोडलेल्या ध्वनिक्षेपकातून देवमाशापर्यंत जात आणि त्याचे गाणे पाण्यातल्या मायक्रोफोनमधून त्यांच्या कानी येई. आपल्या सुरांनंतर त्याचे गाणे बदलते आहे, असे कधीकधी त्यांना जाणवले.

त्या गाण्याचा अर्थ अजून कुणालाही उलगडलेला नाही. तरीही रंगलेल्या जुगलबंदीत असते तशी एक शिस्त या वादनात आहे: समोरच्याला पुरते ऐकायचे, त्याला जागा द्यायची, मग आपला सूर लावायचा.

आपली भाषा न बोलणाऱ्यांशीही नाते जुळू शकते. आज कुणाशी बोलण्याआधी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकू या.