राखण कोणी करायची?

सण आणि रात्र यांचे नाते जुने आहे. आमच्या गोव्यात तर बहुतेक मोठे उत्सव रात्रीच रंगतात. नरकासुराची रात्र, जत्रेची रात्र, दशावतारी काल्याची रात्र, नाताळची मध्यरात्र आणि किनाऱ्यावर गाजणारी एकतीस डिसेंबरची रात्र. दिवसभर हिशेबात वावरणारा माणूस रात्री थोडा सैल होतो, चारचौघांत मिसळतो. त्या सैलपणातच उत्सवाचे सुख असते. म्हणून अशा रात्री कोणी 'जरा जपून' म्हटले, की तो शब्द कानाला बेसूर लागतो. म्हणणारा एक तर म्हातारा ठरतो, नाही तर मास्तर. मी मास्तर आहेच आणि वयानेही तिकडेच झुकलो आहे. तेव्हा हा बेसूर मीच लावलेला बरा.

प्रश्न साधा दिसतो, पण तो नीतीचा आहे. उत्सवाच्या रात्री सुरक्षित राहणे ही ज्याची त्याची जबाबदारी, की ती कोणाला तरी दुसऱ्यासाठी उचलावी लागते?

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या गावाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. म्हापशाच्या शेतांत श्रीदेव बोडगेश्वराचे देऊळ आहे. हा म्हापशेकरांचा राखणदार. गोव्यात गावोगावी असा राखणदार असतो. गाव झोपी गेले की तो हातात दांडा घेऊन सीमा फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, अशी लोकांची श्रद्धा. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून राखणदाराला नव्या वहाणा वाहण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. या श्रद्धेची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला तिच्यातील विचार मोलाचा वाटतो. प्रत्येकाने आपापल्यापुरते जपले म्हणजे झाले, असे गावाने मानले नाही. गावाला निश्चिंत झोपायचे असेल तर कोणीतरी जागे हवे, हे त्याने ओळखले. मात्र कालांतराने झाले असे, की राखणीचे काम देवाकडे सोपवून आपण त्यातला आपला वाटा विसरलो.

तो वाटा विसरल्यावर काय होते, हे डिचोली तालुक्यातील शिरगावात दिसले. श्री लईराई देवीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या दोघी बहिणी, असे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. त्यामुळे शिरगावचे दुःख म्हापशाला परके नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. भाविकांचे प्राण गेले, कितीतरी जखमी झाले. त्यांतील काहींना म्हापशाच्या उत्तर गोवा जिल्हा इस्पितळात आणावे लागले. ज्या उत्सवात माणसे विस्तवावरून चालतात, तेथे जीव घेतला तो विस्तवाने नव्हे, उतारावरच्या गर्दीने. विस्तवाचे भय डोळ्यांना दिसते. म्हणून त्याच्याभोवती उपास, स्नान, क्रम, मर्यादा यांचे कुंपण पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. गर्दीचे भय दिसत नाही. म्हणून तिच्याभोवती तितके पक्के कुंपण उभे राहिले नाही.

गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, की एका चौरस मीटरात पाच-सहा माणसे दाटली की माणूस आपल्या पायांनी चालेनासा होतो. गर्दीच त्याला चालवते. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसे तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन, गुदमरून मरतात. पुष्कळदा उभ्याच्या उभ्या. आणि यातली नीतीच्या दृष्टीने खरी भयंकर गोष्ट अशी, की ढकलणाऱ्या मागच्याला चिरडला जाणारा पुढचा दिसतच नाही. त्याच्या मनात वाईट काही नसते. तोही देवाच्या दर्शनालाच आलेला असतो. शंभरांनी थोडे थोडे लोटलेले असते आणि मेलेल्याचा मारेकरी मात्र कोणीच नसतो.

आपले नीतिशास्त्र बहुतेक एकेकट्या माणसाच्या हेतूचा विचार करते. हेतू शुद्ध असेल तर दोष नाही, असे आपण मुलांनाही शिकवतो. समुदायाच्या बाबतीत हा नियम तोकडा पडतो. ज्या अनर्थाला नंतर कोणी एक कर्ता सापडणार नाही, त्याच्या निवारणाची जबाबदारी आधीच कोणा एकावर नेमून द्यावी लागते. राखणदार तो हाच.

हा नियम जत्रेपुरता नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास म्हापशाजवळच हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागली आणि पंचवीस माणसे मेली. त्यांतील वीस तेथे राबणारे कामगार होते. त्यांतले बहुतेक दूरच्या राज्यांतून आणि नेपाळातून पोटासाठी आलेले. पुष्कळजण तळघरातल्या स्वयंपाकघरात धुराने गुदमरले. वाट अरुंद असल्याने अग्निशामक दलाच्या गाड्यांना दूरच थांबावे लागले. सण कोणाचा आणि मरण कोणाचे! 'ज्याने त्याने आपापले जपावे' हा उपदेश त्या तळघरातल्या माणसाला काय कामाचा? त्याने जपायचे म्हणजे काय करायचे होते? बाहेर पडायची वाट ठेवणे त्याच्या हाती नव्हतेच.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला दैवाचा. भाळी लिहिलेले चुकत नाही, म्हणतात. पण असे म्हणणारा गृहस्थही रात्री दाराला कडी लावूनच निजतो. आपल्या घरासाठी कडी आणि दुसऱ्याच्या जिवासाठी दैव, अशी ही वाटणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतका विचार करत बसलो तर आनंद कसला उरला? येथे जत्रेत नेहमी दिसणारे दृश्य आठवावे. बापाच्या खांद्यावर बसलेले पोर दोन्ही हात सोडून टाळ्या पिटते. त्याला ते जमते, कारण खाली बापाने त्याचे दोन्ही पाय घट्ट धरलेले असतात. कोणाची तरी सावधता हीच दुसऱ्याच्या बेभानपणाची बैठक असते. जागर या शब्दातही हेच आहे. शिवोलीचा जागर नाताळानंतर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात, तो गावाची राखण करणाऱ्या जागऱ्याच्या नावाने. रात्रभर जागणे आणि रात्रभर जागे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली ढोलाच्या तालावर कोणालाही जमते.

आता नरकासुराच्या रात्रीकडे येऊ. बांबू, सुके गवत, कागद आणि पोटात फटाके. वर विजेच्या तारा, खाली रस्ता आणि बाजूला भिंतीएवढे ध्वनिवर्धक. पोरांची मेहनत आणि कला खरोखर पाहण्यासारखी असते. पण त्या आवाजाविषयी एक गोष्ट त्यांना सांगायला हवी. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. तिच्या मुळाशी एका तेरा वर्षांच्या मुलीची करुण कथा होती. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने फोडलेल्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात कोणाला ऐकूच आल्या नाहीत. त्याच दिवशी तिने स्वतःला जाळून घेतले. त्या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी निकाल लागला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी घालणारे नियम २००० सालापासूनच होते; वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पुष्कळांना हा नियम म्हणजे झोपाळू लोकांची कटकट वाटते. पण हाक ऐकू येणे ही राखणीची पहिली अट आहे. जेथे हाक ऐकू येत नाही, तेथे राखणदारही आंधळा आणि बहिरा.

आणि नरकासुराच्या कथेचा शेवट तरी काय आहे? असुर मरतो एवढाच नाही. त्याच्या कैदेतल्या सोळा हजारांवर स्त्रिया सुटतात. नरकचतुर्दशीची पहाट ही सुटकेची पहाट आहे. त्याच पहाटे एखादा हृदयरोगी गोंगाटात घरच्या घरी कोंडला गेला, एखादी १०८ ची गाडी प्रतिमेमागे अडकून पडली किंवा एखादी मुलगी भीतीने घराबाहेरच पडली नाही, तर आपण कोणाचा विजय साजरा केला?

मग करावे काय? फार मोठे काही नाही. सहलीला नेलेल्या मुलांना बसमध्ये चढताना मोजावे लागते. ते काम सर्व शिक्षकांचे म्हटले की कोणाचेच राहत नाही, म्हणून एकाचे नाव ठरवतात. तसेच प्रत्येक मंडळाने त्या रात्रीसाठी दोघांची नावे ठरवावीत. त्यांनी प्यायचे नाही, नाचायचे नाही; पाणी आणि वाळू जवळ ठेवायची, तारा पाहायच्या, रस्ता मोकळा राखायचा, दहाचे घड्याळ पाहायचे आणि शेवटचे माणूस घरी पोचले की मगच अंथरुणाला पाठ टेकायची. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्यांची. देवळातल्या पाळ्या सांभाळणाऱ्या समाजाला ही पाळी जड जाऊ नये. प्रतिमांच्या स्पर्धेत उंचीला गुण मिळतात, देखाव्याला मिळतात; राखणीलाही मिळावेत.

त्या दोघांचा त्या रात्रीचा आनंद थोडा उणा होईल, हे खरे. पण बोडगेश्वराच्या वहाणा आपल्यासाठी झिजतात असे आपण मानतो; वर्षातून एका रात्री आपल्याही थोड्या झिजल्या, तर बिघडले कोठे?