गावचा भाव

दर दिवाळीला धनत्रयोदशीच्या सकाळी माझा पुतण्या मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापुरात उतरतो, आणि पहिल्या चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी एक वाक्य न चुकता उच्चारतो : "काका, तुमच्या गावात अजून किती स्वस्ताई आहे हो!" मग रिक्षावाल्याने काय घेतले, मधल्या मारुतीपाशी आकाशकंदील केवढ्याला मिळाला, सुनेचा ब्लाऊज शिंप्याने किती रुपयांत शिवून दिला, याची यादी सुरू होते. मीही ती मोठ्या तृप्तीने ऐकत असे. जणू ही स्वस्ताई मी स्वतः परसात लावली आहे आणि पुतण्या तिची फळे चाखून वाखाणणी करतो आहे! निवृत्त शिक्षकापाशी मिरवण्यासारखे फारसे काही नसते. गावचा भाव ही त्यातल्या त्यात बिनखर्चाची मिरवणूक.

गेल्या दिवाळीपासून मात्र या मिरवणुकीत माझे पाऊल अडखळू लागले आहे. झाले ते अगदी साधे. पुतण्याने सहज विचारले, "काकू, भांडीधुण्याला किती देता?" सौभाग्यवतींनी सांगितले, "सातशे." पुतण्या खो खो हसला. "अहो, एवढ्यात मुंबईत बाई जिनासुद्धा चढायची नाही!" आम्हीही हसलो. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की, मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला आहे. क्षणभरच थांबला. मग पुन्हा सुरू झाला, थोडा जोराने.

मोरीत अक्का होती. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतून कामाला येणाऱ्या बायकांना आम्ही सरसकट अक्काच म्हणतो. तिच्या आजेसासऱ्याने तेलंगणातून येऊन येथे माग लावला होता. सासरा गिरणीत होता. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणतो. म्हणजे तीन पिढ्या या गावाने लोकांची अंगे पुसली आणि पांघरुणे घातली. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिच्यामागून आणखी आल्या, त्यांच्या भोंग्यांवर सारे गाव घड्याळ लावू लागले. आणि पुढे एकेक करून त्या साऱ्या बंद पडल्या. भोंगे गेले, पण माणसे कोठे जाणार? २०११ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती साडेनऊ लाखांची होती. एवढ्या हातांना पुरेसे काम गावात राहिले नाही, आणि जेथे हात पुष्कळ व काम थोडे तेथे हातांचा भाव उतरतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

अक्का सकाळी तीन घरची भांडी करते आणि दुपारपासून विड्या वळते. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत आणायचे. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. दिवसभर मान वर न करता बसले तर हजार होतात. आणि शाखेत माल देताना ज्या विड्या नापास होतील त्यांचे पान गेले, श्रम गेले, दामही गेला. हे सारे मला गेली कित्येक वर्षे ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि मनाला लागणे यांत अंतर असते.

त्या हसण्यानंतर मी एक खुळा उद्योग केला. घरात आलेल्या दिवाळीच्या सामानाची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक वस्तूपुढे पुतण्याकडून मुंबईचा भाव लिहून घेतला. मौज अशी की, स्वस्ताई भराभर विरघळू लागली. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावरची छापील किंमत मुंबईला तीच आणि आम्हांला तीच. मिठाची पिशवी, साबणाची वडी, चहाची पुडी, मोबाईलचा रिचार्ज, सगळे तेच. डाळ-तेलात दोन-पाच रुपयांचा फरक, तोही कधी आमच्या बाजूने, कधी त्याच्या. मग स्वस्त होते तरी काय? घरभाडे स्वस्त होते, हे खरे. आणि दुसरे म्हणजे माणूस. शिंपी, इस्त्रीवाला, रिक्षावाला, आमची अक्का. ज्या ज्या ठिकाणी किमतीत कोणाचा तरी हात होता, त्या त्या ठिकाणी आकडा खाली आला होता.

आता हीच यादी अक्काच्या बाजूने वाचून पाहावी. ती जे विकत घेते ते मुंबईच्या भावाने घेते आणि जे विकते ते सोलापूरच्या भावाने विकते. तिला कोण भांडी घासून देणार आहे, की तिने म्हणावे, वा! काय स्वस्ताई! शिवाय काही गोष्टींचे दाम ती अशा नाण्यात मोजते, की जे कोणत्याच हिशेबात येत नाही. वर्षानुवर्षे आमच्या शहरात नळाला तीन-तीन, चार-चार दिवसांनी पाणी आले. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी विड्या दोन-अडीचशेने कमी. आमच्या घरात टाकी आहे, म्हणून आम्हांला पाणीही स्वस्तच वाटते.

सरकारी हिशेब पाहू गेलो तर तेथेही तीच समजूत. १९६२ साली एका अभ्यासगटाने माणशी महिना वीस रुपये ही किमान गरज धरली. पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, त्यात १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस अशी रेघ आखली होती. शहर महाग हे त्यांनी ओळखले. पण शहर म्हणजे कोणते? २०११-१२ सालासाठी नियोजन आयोगाने महाराष्ट्राच्या शहरी भागाकरिता माणशी महिना ११२६ रुपयांची रेघ ठरवली. मुंबईला तीच, सोलापूरला तीच, मालेगाव-इचलकरंजीला तीच. दिवसाचे साडेसदतीस रुपये. त्या एका रुपयाने वर राहिलेला माणूस गरीब नाही, असे कागद म्हणू लागला. आणि गंमत पाहा, किमान वेतन ठरवण्याची वेळ आली की पुष्कळ धंद्यांत गावांची परिमंडळे पडतात. मोठ्या शहराला एक दर, लहान गावाला त्याहून कमी. का? तर लहान गावात राहणी स्वस्त. राहणी स्वस्त का? तर तेथे वेतन कमी. हे कोंबडी-अंड्याचे कोडे आपण सुखेनैव गिळून बसलो आहोत.

परंतु मला खरा सल आहे तो सरकारचा नाही. सरकारवर रागावणे सोपे. फराळ करता करताही ते साधते. सल आहे तो एका घरगुती गोष्टीचा, आणि तिचे मूळ माझ्या स्वतःच्या बालपणात सापडते.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडील एका गिरणीत कारकून होते आणि ती गिरणी काही महिने बंद राहिली. त्या दिवसांत आई रात्री दार लावून चादरींच्या दशा वळीत असे. चादरीचे गठ्ठे अंधार पडल्यावर येत आणि उजाडण्यापूर्वी जात. ज्यांच्या कारखान्यातून ते येत, ते गृहस्थ आमच्या अगदी परिचयाचे, सणावारी येणे-जाणे. ते महिन्याच्या अखेरीस पाकिटात घालून काहीतरी देत. एका चादरीला किती, हे आईने कधीच विचारले नाही. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "अरे, ओळखीचे आहेत. कसं मागायचं?" दिवाळीत त्यांनी आमच्याकडे मिठाईचा मोठा पुडा पाठवला. आईने डोळ्यांत पाणी आणून तो देवापुढे ठेवला. ते गृहस्थ वाईट नव्हते. आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण दशा वळून आईच्या बोटांची कातडी सोलली होती, आणि त्या मिठाईचे दाम तिच्या बोटांतूनच आले होते, हे समजायला मला पुढची साठ वर्षे लागली.

भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण मला नेहमी भिडस्तांना दिलेली ताकीद वाटे. आता वाटते की, ती लहान गावाच्या अर्थव्यवस्थेचे वर्णन आहे. महानगरात अनोळखी माणूस अनोळखी माणसाकडे काम करतो. दर पटला नाही तर पलीकडचा जिना चढतो. आमच्या गावात सगळेच ओळखीचे. अक्काच्या मुलीला मी शाळेत शिकवले. तिच्या सासूच्या आजारपणात आमच्या घरून डबा गेला. ही आपुलकी खोटी नाही. पण याच आपुलकीच्या पदराखाली सातशे रुपये वर्षामागून वर्षे झाकून राहिले. आम्हांला वाढवावेसे वाटले नाही, कारण आम्ही "इतके करतो". आणि तिला मागवले नाही, कारण आम्ही इतके करतो!

एकदाच तिने मागितले होते. तीन वर्षांपूर्वी. दोनशे वाढवा म्हणाली. सौभाग्यवतींनी आळीत चौकशी केली. शेजारच्या वहिनी काकुळतीने म्हणाल्या, "अहो, तुम्ही भाव बिघडवू नका हो. तुम्ही वाढवलंत की आम्हांला वाढवावं लागेल." त्यांच्या मालकांना जाऊन बरीच वर्षे झाली, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर त्या राहतात आणि गुडघ्यांनी अधू आहेत. अक्का नसेल तर त्यांची चूल पेटायची पंचाईत. तेव्हा त्यांना कंजूष म्हणून मोकळे होता येत नाही. हाच तर पेच आहे. लहान शहरातल्या गरिबाला स्वस्त ठेवणारा पुष्कळदा कोणी बंगलेवाला नसतो; तो गरिबाहून एक पायरी वर उभा असलेला, स्वतः खाली घसरण्याच्या धास्तीने कठड्याला धरून राहिलेला माणूस असतो. यंत्रमागवाल्या छोट्या मालकाचे तरी निराळे काय आहे? त्याला टॉवेलचा दर व्यापारी सांगतो, व्यापाऱ्याला आणखी कोणी. प्रत्येक जण वरच्याची भीड धरतो आणि खालच्याला घालतो.

तर मग आम्ही दोनशे वाढवले नाहीत. दिवाळीला चांगलीशी साडी घेतली. अक्काने ती हातात घेतली, पदर उलगडून पाहिला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "साडी नको बाई. हे पैसे महिन्याला धरा की." सौभाग्यवतींना ते फार लागले. मलाही त्या वेळी वाटले, काय ही कृतघ्नता! एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू! शेवटी भिडेने तिने साडी नेली. आज विचार करतो तर वाटते, आमचा राग साडी नाकारल्याचा नव्हताच. साडी द्यायची की नाही, कोणती, केवढ्याची, हे आम्ही ठरवणार होतो. महिन्याचे दोनशे रुपये एकदा वाढवले की ते तिचे झाले. त्यांवर आमच्या औदार्याची मोहोर राहत नाही. देणाऱ्याचे सुख हिरावून घेतले म्हणून आम्ही रागावलो.

याच बायका जेव्हा एकेकट्या न मागता जमावाने मागतात तेव्हा काय होते, हेही आमच्या गावाने पाहिले आहे. शहराबाहेर कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरे झाली आणि २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. पुढे २०२४ च्या जानेवारीत त्याच कुंभारीच्या माळावर रे नगरची पंधरा हजार घरे कामगारांना मिळाली. वर्षानुवर्षे मोर्चे निघत, तेव्हा आमच्या आळीत "या बायकांना काही कामधंदे नाहीत" असे बोलले जाई. मीही बोललो असेन. ज्याच्याकडे मागायचे तो काका नाही, सर नाही, सणाला पुडा पाठवणारा नाही, म्हणूनच कदाचित त्या मोकळ्या गळ्याने मागू शकल्या. आळीतल्या मोरीत मोर्चा काढता येत नाही.

पुतण्या हसून परत गेला, त्या महिन्यापासून आम्ही अक्काला हजार रुपये देऊ लागलो. यात मोठे काही केले असा माझा दावा नाही; माझे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढत गेले त्या मानाने हे फार थोडे आणि फार उशिरा. सौभाग्यवतींनी एवढेच सांगितले, "आळीत बोलू नकोस हो, अक्का." अक्काने मान हलवली. पहिल्या महिन्यात तिने नोटा दोनदा मोजल्या आणि विचारले, "सर, हे दिवाळीचे, का नेहमीचे?"

"नेहमीचे," मी म्हणालो.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. परवा वसुबारसेला शेजारच्या वहिनी चकलीची भाजणी घेऊन आल्या. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "भाऊजी, अक्का आमच्याकडे वाढवून मागते आहे. तुम्ही वाढवलेत का हो? खरं सांगा." त्यांचे गुडघे, त्यांचे निवृत्तिवेतन, तीस वर्षांचा शेजार, हातातला भाजणीचा डबा, हे सारे माझ्यापुढे उभे राहिले.

"नाही," मी म्हणालो. "सातशेच देतो."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. मी मागे वळून पाहिले नाही.