दारावरची परवानगी



नमाजची वेळ आणि किब्ल्याची दिशा पाहण्यासाठी आपण मोबाइल उघडतो. आपण कोठे उभे आहोत हे त्याला कळल्याशिवाय दिशा सांगता येत नाही, म्हणून आपण ते कळू देतो. प्रश्न त्यापुढचा आहे. ही माहिती तेथेच थांबते काय?

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तस्थळाने एक बातमी दिली. जगभरातील कोट्यवधी मुसलमानांच्या मोबाइलवर असलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ या कंपनीकडे जात होती. अशी माहिती विकणे हाच तिचा व्यवसाय होता आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी येताच अ‍ॅपच्या चालकांनी तो संबंध तोडला. परंतु इबादतीसाठी दिलेली खूण तोवर बाजारात पोहोचली होती.

कोणी म्हणेल, “‘मान्य आहे’ हे बटन आपणच दाबले होते ना?” याचे उत्तर सूरह अन्-नूरच्या २७ व्या व २८ व्या आयतींत शोधावे. परक्याच्या घरात परवानगी घेऊन, सलाम करूनच जावे, असा आदेश तेथे आहे. त्याला लागूनच, ‘परत जा’ असे सांगितले गेल्यास परत फिरावे, हेही सांगितले आहे. म्हणजे जेथे नकाराला जागा आहे, तेथेच होकाराला अर्थ आहे. दहा पानी अटींच्या तळाशी दाबलेले बटन, ज्यात कोण येणार आणि काय नेणार हेच उमगत नाही, त्याला परवानगी कसे म्हणावे? आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, जाणती आणि बिनशर्त असावी, असेच म्हटले आहे.

“लपवण्यासारखे काही नसेल, तर भय कशाचे?” असेही विचारले जाते. घराला दार असते, ते पाप झाकण्यासाठी नव्हे. एकाने पैगंबर (स.) यांच्या हुजऱ्यात फटीतून डोकावले, तेव्हा परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे, असे त्यांनी बजावले. त्या हुजऱ्यात लपवण्यासारखे काय होते?

आता स्वतःकडे वळू या. किरकोळ सवलतीसाठी आपण मोबाइलमधील सगळे क्रमांक एखाद्या अ‍ॅपला देऊन टाकतो. ते क्रमांक आपले नाहीत. आप्तांनी आणि शेजाऱ्यांनी विश्वासाने सोपवलेली ती अमानत आहे. जमातीची यादी व्यापाऱ्याच्या हाती देणाराही त्या कंपनीहून वेगळा नाही. दुसऱ्याच्या वतीने ‘मान्य आहे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

अल्लाह आपणा सर्वांना अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.