वारसा जगाचा, गाव आमचं

मुंबईहून लाँचनं येणारा पाहुणा बेटाला एलिफंटा म्हणतो; आम्ही घारापुरी. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून ते नाव दिलं, तो हत्तीही आता राणीच्या बागेत आहे. लेणी १९८७ साली जागतिक वारसा झाली. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर इथल्या घरांत समुद्राखालच्या केबलनं वीज आली ती २०१८ साली. मधली ३१ वर्षं वारसा जगाचा, आणि संध्याकाळचा जनरेटर थांबला की अंधार आमचा.

बांधकामाच्या नियमांवरून वाद पेटला की कुणी म्हणतं, "दगडापेक्षा माणूस मोठा!" मलाही ते पटतं. पण डोंगरभर हॉटेलं उठली, तर आपणच राखलेलं आपण बुडवू. राखण करायला मी तयार आहे. फक्त नियम ठरवताना राखणदारालाही बसायला बोलवा की!