थांबविणारा संदेश

संयम हे कर्म आहे की केवळ कर्माचा अभाव? शासकीय सेवेत असताना याचे उत्तर आम्ही गृहीतच धरले होते : जो हुकूम सोडतो तो काही करतो, जो गप्प राहतो तो काही करीत नाही. निवृत्तीनंतर चेतासंस्थेविषयी थोडे वाचन घडले आणि हे गृहीत डळमळले.

चेतापेशीच्या वृक्षिकांवर असंख्य संदेश येतात. ते पेशीत एकवटतात आणि ठरावीक मर्यादा ओलांडली गेली, तरच अक्षतंतूवाटे विद्युत्-संवेग पुढे धावतो. मात्र सारेच संदेश ‘चल’ म्हणत नाहीत. कित्येक ‘थांब’ असे बजावतात. कोपर वाकविताना दंडाचा पुढचा स्नायू आकसतो, त्याच वेळी मागच्या स्नायूच्या चेतापेशींना मेरुरज्जूतच आवर घातला जातो. चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही व्यवस्था अभ्यासली. १९३२ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनी व्याख्यान दिले, तेही या निरोधावरच.

हा निरोध हरपला तर काय होते, हे धनुर्वात दाखवितो. त्या जंतूंचे विष ‘थांब’ सांगणाऱ्या ग्लायसीन व गाबा या द्रव्यांचा स्राव रोखते. परस्परविरोधी स्नायू एकदमच ताठरतात, जबडा मिटतो, देह धनुष्यासारखा वाकतो. अंगी बळ असूनही घोटभर पाणी घेता येत नाही. म्हणजे थांबविणे हेही कार्यच. त्यावाचून साधी हालचालही घडत नाही.

एकदा उशिरा आलेल्या एका वयस्क कारकुनास आम्ही सर्वांदेखत टाकून बोललो. पत्नीला इस्पितळात पोचवून ते आले होते, हे सायंकाळी कळले. दोष आमच्या चेतापेशींचा, असे म्हणून सुटता येईल काय? नाही. आवर घालण्याची सोय निसर्गाने दिली. कोठे आवरावे, हा विवेक मात्र ज्याचा त्यानेच कमवावयाचा असतो. वरिष्ठांचा अन्याय पाहून आम्ही गप्प राहिलो, त्यालाही संयमच म्हणत आलो; वस्तुतः ते भय होते. दुसऱ्यावरचा घाव थोपवितो तो संयम. स्वतःवरचा टाळतो तो नव्हे.

त्या कारकुनाची क्षमा मागावी, असे अनेकदा ओठांवर आले आणि प्रत्येक वेळी आम्ही ते आवरले. पुढे ते वारले. जेथे थांबावयाचे तेथे आम्ही बोललो, आणि जेथे बोलावयाचे तेथे थांबलो.