त्यागाचे माप



तलमडुगुच्या शिवारातला कापूस बाजाराला निघाला की घराघरांत हिशेब सुरू होतो. कर्ज किती फिटेल? लेकीच्या लग्नाला किती उरेल? अशा संसारी भक्तास ‘धनाची आसक्ती सोडा’ असे सांगणे सोपे आहे. परंतु सोडायचे ते नेमके काय आणि किती? हा प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथातही आला आहे. त्याचा विचार आज करू.

मार्काच्या शुभवर्तमानात एक धनवान येशूकडे येतो. धर्माज्ञा त्याने बालपणापासून पाळलेल्या. येशू त्यास सर्व विकून गोरगरिबांस वाटण्यास व आपल्या मागे येण्यास सांगतो. तो खिन्न होऊन परततो, कारण मालमत्ता मोठी होती. लूकाच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार आहे. तो अर्धे धन गरिबांस देऊ करतो, ज्यांना नाडले त्यांस चौपट फेडू म्हणतो. आणि येशू त्याचे घर तरले असे म्हणतो. एकाकडे सर्व मागितले, दुसऱ्याचे अर्धे चालले. हा पक्षपात काय? वैद्य रोग पाहून औषधाचे माप ठरवितो, तसेच हे आहे. पहिल्यास धनाने धरून ठेवले होते. जक्कयाची मूठ आपणहून उघडली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे आचरून पाहिले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या मराठी कवीने १९१७ साली मिशनचे वेतन सोडले. पत्नी लक्ष्मीबाई होत्या, संसार होता. सोडला तो खात्रीचा आधार.

आता कल्याणातील आयदक्की मारय्या आठवा. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नित्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते परत ठेवून येण्यास सांगितले. घरात दारिद्र्य असता मूठभर अधिक धान्यही त्या माउलीस आशेचे मूळ वाटले. म्हणजे आसक्तीला श्रीमंतीच लागते असे नाही. शरणांनी कायक सोडावयास सांगितले नाही. कायकाचे फळ दासोहात अर्पिण्यास सांगितले.

हे लिहिताना आमचीच लाज वाटते. भक्तांनी पांघरलेल्या शाली मठाच्या पेटीत घडी करून पडल्या होत्या, आणि आदिलाबादच्या कडाक्याच्या थंडीत मठाच्या ओसरीवर एक वृद्ध पोते पांघरून निजला होता. शाली आमच्या नव्हेत, मठाच्या आहेत, असे म्हणून आम्ही मनास समजाविले होते. विरक्ताची आसक्ती अशी दुसऱ्याच्या नावाने राहते. त्या पहाटे पेटी उघडली.

तुम्हीही यंदाच्या हिशेबात एवढेच पाहा : कोणती वस्तू देताना हात मागे येतो? तुमच्या त्यागाचे माप तेथे आहे. दासोहाचा आरंभही तेथूनच करा.

शरणु शरणार्थी.