पांढरीतले घर, काळीतले घर

जुन्या गावात जमिनीचे दोन भाग मानले जात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. कारभार आणि वतने तर या विभागणीवर चालतच, पण तिच्यामागे मातीचाही विचार होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर भिंत उभी करणे म्हणजे दरवर्षी हलणाऱ्या पाटावर घडा ठेवणे. म्हणून ऊस, ज्वारी, हरभरा काळीत आणि माणसे पांढरीत.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरसारख्या ठिकाणी ही रेघ पुसली गेली, त्याला बराच काळ लोटला. 1934 मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. नीरा नदीच्या आसपास वालचंदनगर आणि माळीनगर आकाराला आले तेही याच दशकात. आज श्रीपूरला पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे आणि महाळुंग-श्रीपूर अशी जोड नगरपंचायत आहे. उसाचे बिल हाती आले की पुढचा बेत बहुधा घराचा असतो आणि ते घर आता गावठाणात नव्हे, रानात, म्हणजे थेट काळीत बांधले जाते. मातीचे माळवद गेले, स्लॅब आला. हा बदल चुकीचा नाही. मात्र या नव्या घराचा पैसा दर्शनी भागावर आधी खर्च होतो आणि घरातल्या माणसांची तब्येत ज्या जागांवर ठरते, त्या छप्पर, जोते, स्वयंपाकघर आणि पाण्याच्या टाकीच्या वाट्याला उरलेसुरले येते.

माळवदाची आठवण काढताना या भागातली वडीलधारी माणसे हळवी होतात, आणि ते स्वाभाविक आहे. लाकडी तुळयांवर किलचा, त्यावर पाला आणि चिखल, सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दोन-दोन हात रुंद. बाहेर चाळीस-बेचाळीस अंशांचे ऊन असले तरी दुपारी आतल्या खणात अंग टाकावे असा गारवा. इतक्या जाड मातीतून उष्णता आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे मातीचे सपाट छप्पर टिकतही असे. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकली की झाले.

पण हे घर निरोगी होते असे म्हणणे खरे नाही. उजेड यायचा तो छपराच्या सवण्यातून, धूर जायचा तोही तिथूनच, जमेल तेवढा. कोंदट, अंधाऱ्या खोलीत क्षयाचे जंतू हवेत तासन्‌तास तरंगत राहतात, आणि या घरांचे मधले खण भरदिवसा काळोखाचे असत. दुसरा दोष त्याहून भयंकर ठरला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांना आरपार दगडांनी बांधलेले नव्हते. ते फाकले आणि गारवा देणारा तोच मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. सोलापूर जिल्ह्यानेही तो धक्का अनुभवला. माळवदाकडे परत जा, असे त्या पहाटेनंतर कोणी कोणाला सांगू शकत नाही.

मग स्लॅबचे काय करायचे? श्रीपूरवर सूर्य मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तोच तिथला शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा छपरावर आणि त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीवर. पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ते ऊन पितो आणि रात्री खाली सोडतो. पंखा लावला तर तापलेलीच हवा फिरते, लहान मूल रात्रभर रडते, म्हातारे माणूस अंगणात खाट टाकते. उन्हाळ्यात शरीर सावरते ते रात्रीच्या गारव्यात. तीच रात्र या घरात हिरावली जाते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि पुढे त्यात गरीब वस्त्यांची छपरे चुन्याने पांढरी करण्याचे काम जोडले. अशा छपराखाली खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते, असा तिथला हिशेब आहे. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले. माळशिरसमधल्या घरमालकाला धोरणाची वाट पाहायची गरज नाही. होळीच्या सुमारास गच्ची झाडून चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेला कडुनिंब किंवा शेवगा लावला, की दोन-तीन उन्हाळ्यांत फरक अंगाला कळतो. माळवदाची माती पांढरी होती, हेही इथे आठवावे.

खिडक्यांबाबत एक साधी गोष्ट विसरली जाते. जुन्या बाया दुपारी दारे-खिडक्या लावून घेत आणि रात्री उघडत. हल्ली रात्री खिडकी उघडता येत नाही, कारण चारी बाजूंना ऊस आणि उसात डास. म्हणून खिडकीची जाळी ही नुसती डासांची नव्हे, गारव्याचीही सोय आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत जाळीच्या खिडक्या असतील, तर रात्रीचा वारा घरातून आरपार जातो. दर्शनी भिंतीच्या दगडी फरशीच्या खर्चात सगळ्या घराच्या जाळ्या होऊन जातात.

जोत्याचे दुखणे काळीचे आहे. बारमाही भिजणाऱ्या रानात जमिनीतला ओलावा विटेतून वर चढतो. हात-दीड हात उंचीपर्यंत भिंतीचे पोपडे निघतात, कपाटामागे बुरशी धरते आणि घरातल्या दमेकऱ्याचा हिवाळा जड जातो. रंगाचा नवा हात दिल्याने ही ओल झाकते, थांबत नाही. ती थांबते पाया भरताना: काळा थर काढून मुरूम भरणे, जोते उंच घेणे आणि जोत्यावर ओल रोखणारा काँक्रीटचा पट्टा न चुकवणे. घर पूर्ण झाल्यावर ही दुरुस्ती कित्येक पटींनी महाग पडते. गवंड्याला ते ठाऊक असते, पण मालकाने विचारले तरच तो बोलतो.

स्वयंपाकघराबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिथे दिवसाचे चार-पाच तास एकच व्यक्ती उभी असते आणि घराचा नकाशा ठरताना तिलाच कमी विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलीच्या धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस घरोघरी पोचला. तरी अंघोळीचे पाणी, भाकरी, सणासुदीचा मोठा स्वयंपाक यांसाठी चूल आणि बंब टिकून आहेत. जळण रानातले, फुकटचे. चूल सोडा असे नुसते सांगून ती सुटत नाही. तिला घराबाहेर, उघड्या पडवीत जागा आणि वर धुराडे देणे जमते. आतल्या ओट्यावर फोडणीचा धूर असतोच. वास्तूवाले स्वयंपाकघर आग्नेयेला सांगतात. या पठारावर उन्हाळ्या-पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेच्या अंगाला रांधणे सोयीचेच आहे, पण पूर्वेच्या भिंतीत ओट्याच्या वर खिडकी किंवा पंखा असेल तरच. तिथे भांड्यांची बंद कपाटे बसवली, तर दिशा बरोबर असूनही धूर घरातच राहतो. ओट्याची उंचीही गवंड्याच्या सवयीने नको. रांधणाऱ्या बाईला उभे करून, तिच्या कोपराच्या थोडी खाली घ्यावी. तिच्या पाठीचे दुखणे त्या दोन-तीन इंचांत असते.

पाण्याचा प्रश्न वेगळा वाटतो, पण तोही रचनेचाच आहे. सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येणे वर्षानुवर्षांचे झाले आहे आणि जिल्ह्यात साठवणुकीची सवय घरोघर आहे. डेंगीचा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देऊन उपयोग नाही. आठवड्यातून एकदा हौद घासावा लागतो. ज्या हौदात उतरता येत नाही आणि ज्याला तळाशी मोरी नाही, तो कोणी घासत नाही. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण, शौचालयाच्या हवेच्या नळीला तोंडाशी जाळी, हौदाला उतार आणि मोरी: ही कामे प्लंबर अर्ध्या दिवसात करून देतो.

याच शिवारात दिवाळीनंतर आणखी एक वस्ती उभी राहते. बीड आणि आसपासच्या भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबे पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. तिथे जोते नाही, खिडकी नाही, न्हाणी नाही. तीन दगडांची चूल दारातच, थंडीत आतही, आणि तिच्याशेजारी झोळीतले मूल. हंगाम दरवर्षी येतो, तळाची जागाही बहुधा तीच असते. तिथे मुरमाचे उंच ओटे कायमचे बांधून ठेवावेत. कोपी दरवर्षी नवी, पण जमीन कोरडी. जवळ एक नळ, बायकांसाठी दार लागणारी न्हाणी आणि शौचालय, चुलींसाठी कोप्यांपासून दूर एक पत्र्याची उघडी शेड. यासाठी जागा पाहायची ती पावसाळा संपता संपता, पहिली बैलगाडी येण्याच्या आधी.